पिन सुटली पाहिजे

खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी मला समुद्र दाखवलाच नाही. मांडवीच्या त्या घराच्या माडीवरून पाण्याची एक लांब पट्टी दिसते आणि खोली बघायला येणारा प्रत्येक माणूस आधी खिडकीशीच जातो. मला मात्र बाईंनी दंडाला धरून थेट स्विचबोर्डासमोर उभं केलं. घराचं अर्थिंग त्यांनी स्वतः केलं होतं. ते कुठे पुरलंय, त्यात मीठ किती आणि कोळसा किती, हे सगळं त्यांनी सांगितलं. मग एकेका सॉकेटात प्लग घालून तो दोन बोटांनी ओढून दाखवला. एक प्लग निघताना जरा अडला, तशी त्यांनी अंबाड्यात खोचलेला टेस्टर उपसला आणि सॉकेट उघडायलाच घेतलं. मी टॉर्च धरून उभी. खोली मला मिळाली की नाही, हे विचारायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी सामान घेऊन गेले, तर दार उघडं होतं आणि टेबलावर माझ्यासाठी नवा एक्स्टेन्शन बोर्ड ठेवलेला होता.

बाई आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवून निवृत्त झालेल्या. जिल्ह्यात कुठेही लाइट गेली की खांबावर चढणारा माणूस बहुतेक त्यांचाच विद्यार्थी असायचा. जयगडच्या बंदरावर होते, संगमेश्वरात होते, आणि सगळे त्यांना बाईच म्हणत. मीही तेच म्हणायला लागले. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. भाऊ होडीवाला, तो सकाळी मासळी देऊन जायचा, तरी बाई दारावर येणाऱ्या मासेवालीकडून पुन्हा घ्यायच्याच. भावाची मासळी म्हणजे नातं आणि विकतची म्हणजे निवड, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची नजर कायम वर असायची. रस्त्याने चालताना खांबांवरच्या तारा बघणार, कुणाच्या घरी गेल्या की आधी छत बघणार, देवळात शिरल्या तर देवाच्या आधी सभामंडपातल्या पंख्यांची वायरिंग. एवढ्या वर्षांची सवय. जमिनीकडे बघायला त्यांना सवड नसायची, त्यामुळे घरात ज्याला म्हणून अडखळता येतं त्या प्रत्येक वस्तूला त्या अडखळून झाल्या होत्या. उंबरा, पाट, बादली, शेजाऱ्यांचं मांजर. म्हणूनच माझ्यावर एकच अट होती. चालायच्या वाटेत वायर आडवी टाकायची नाही.

ती अट मी तिसऱ्याच आठवड्यात मोडली.

मी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून नकाशे काढते. पुण्याच्या कंपनीने आमचा सगळा गटच कमी केला, तेव्हा मी गावी परत आले. गावात नेटवर्क नाही म्हणून रत्नागिरीत ही खोली घेतली आणि मिळतील ती सुटी कामं करू लागले. एक जुना पण दणकट लॅपटॉप, एवढंच माझं भांडवल. त्या सकाळी ढग आले होते म्हणून मी टेबल खिडकीशी सरकवलं आणि चार्जरची वायर खोलीतून आडवी गेली. पंखा कुरकुरतोय हे ऐकून बाई आत आल्या. नजर पंख्याकडे. पाय वायरीत.

बाई गुडघ्यांवर पडल्या आणि लॅपटॉप टेबलावरून उडून त्यांच्या शेजारी येऊन पडला. मी आधी कुणाकडे धावले, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लॅपटॉप उचलून वर बघते तर बाई जमिनीवरच बसलेल्या, वायरीवरून हात फिरवत तिचं टोक शोधत. टोक लॅपटॉपमध्येच होतं. वाकलेलं, पण आत रुतून बसलेलं.

“पिन सुटली नाही?” बाई म्हणाल्या. “एवढी मी पडले, तरी सुटली नाही?”

आवाजात राग नव्हता. एखाद्या हुशार विद्यार्थ्याने सोप्या प्रश्नाला चुकीचं उत्तर द्यावं आणि बाईंनी चकित व्हावं, तसा तो आवाज होता.

एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत लॅपटॉप दुरुस्तीचं एक दुकान आहे. दुकानदार बाईंचाच विद्यार्थी, आता पन्नाशीला आलेला, केस पांढरे. त्याने माझा लॅपटॉप उघडून पाहिला आणि चार्जिंगचं सॉकेट आतून उखडलंय, बाकी जीव शाबूत आहे, असं सांगितलं. बाईंना तेवढ्याने समाधान नव्हतं. ओढल्यावर पिन का सुटत नाही, याचा जाब त्यांनी त्या गरिबाला विचारला, जणू ती त्यानेच बनवली होती. तो म्हणाला, पिन घट्टच बसायला हवी, त्याशिवाय करंट नीट जाणार नाही. मग हातातलं काम खाली ठेवून जरा हसून म्हणाला, “बाई, सैल जोड म्हणजे आग, हे आम्हाला कोणी शिकवलं?”

बाईंनी पिन काउंटरवर ठेवली. त्यांचंच वाक्य त्यांना कुणी परत केलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. तेवढ्यात त्या भल्या माणसाने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. काही महागड्या लॅपटॉपना चुंबकाची पिन असते, असं तो बोलून गेला, आणि दुरुस्तीला आलेला एका डॉक्टरांचा लॅपटॉप त्याने कपाटातून काढून दाखवला. वायरीचं टोक त्याने नुसतं जवळ नेलं आणि ते टक् करून आपोआप चिकटलं. बाईंनी वायरीला झटका दिला. पिन सुटली. लॅपटॉप तसूभर हलला नाही.

बाईंनी पुन्हा लावली. पुन्हा ओढली. वरून, खालून, बाजूने, हळू, जोरात. दुकानात दोन गिऱ्हाइकं आली होती, त्यांच्याही हातात वायर देऊन त्यांना ओढायला लावलं. बाईंचे डोळे असे चमकत होते की वाटावं, एवढी वर्षं ज्याची वाट बघितली तो पाहुणा अखेर घरी आला. “बघ गो, बघ,” एवढंच त्या म्हणत होत्या, आणि मीही हसत होते, कारण ते टक् ऐकायला खरंच मजा येत होती.

माझा लॅपटॉप साधाच होता. पण साध्या सॉकेटातही बसवता येईल असा एक तुकडा मिळतो. नखाएवढा, तो लॅपटॉपच्या सॉकेटात कायमचा राहतो आणि वायरीच्या टोकाला चुंबक येतो. दुकानदाराला तो पसंत नव्हता. असे जोडतुकडे तापतात, धूळ धरतात, असं त्याने दोनदा सांगितलं. सॉकेट दुरुस्त झालं त्याच दिवशी बाईंनी तो तुकडा मागवलाच.

त्यानंतरचे दिवस मला आठवले की अजून हसू येतं. बाईंनी वायर मुद्दाम वाटेत आडवी टाकायला सुरुवात केली. घरात येणाऱ्या प्रत्येकाने तिला लाथ मारायची. गॅसवाल्याने मारली, पोस्टमनने मारली, शेजारच्या वहिनींनी लाजत लाजत मारली. मी महत्त्वाचं काम करत असले तरी मधेच टक् आवाज यायचा, स्क्रीन जरा अंधारायची, आणि दारात बाई विजयी मुद्रेने उभ्या असायच्या. लॅपटॉप जागचा हलायचा नाही आणि बॅटरी होती, म्हणून काम बुडायचं नाही. एकदा भाऊ मासळी द्यायला आला, त्यालाही लाथ मारायला लावली. त्याने मारली, पिन पाहिली, आणि होडीच्या दोरालाही असं काही बसवता आलं तर बरं होईल, म्हणाला. बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी मला एका दुपारी वाल सोलता सोलता सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला त्या दुसऱ्या तालुक्याच्या आयटीआयत होत्या. त्यांच्या वर्गात पहिल्यांदाच एक मुलगी आली होती. आली म्हणजे, बाईंनी तिच्या घरी चार खेपा घालून तिला आणली होती. एके दिवशी वर्कशॉपमध्ये टेबलावर ड्रिल मशीन होतं, वायर खाली लोंबत होती, मुलीचा पाय तीत अडकला. प्लग निघाला नाही. मशीन खाली आलं, तिच्या पावलावर. हाडं जुळली, ती चालायलाही लागली, पण घरच्यांनी तिला परत पाठवलं नाही.

“तो प्लग मीच बसवलेला,” बाई म्हणाल्या. “दाबून. घट्ट बसला म्हणून सगळ्या वर्गाला बोलावून दाखवला होता.”

आणि त्या पुन्हा वाल सोलू लागल्या. मीही सोलत राहिले.

गडबड झाली ती बाईंच्या अभिमानामुळे. संध्याकाळी त्या मांडवीच्या किनाऱ्यावर फिरायला जायच्या. तिथे त्यांच्या मैत्रिणींचा कट्टा जमतो. त्यांना चुंबकाची ताकद दाखवायची म्हणून एका संध्याकाळी बाई माझी वायर पिशवीत घालून घेऊन गेल्या, मला न विचारता. तिथे पिन वाळूत पडली. मांडवीची वाळू काळी, तिच्यात लोखंडाचा अंश आहे, हे इथल्या प्रत्येक माणसाला ठाऊक आहे आणि बाईंना तर चांगलंच ठाऊक होतं. पिन वर आली ती दाढीमिशांसकट.

बाईंनी ती टूथब्रशने घासली. फुंकर मारली. कणकेचा गोळा करून त्यावर टिपली, त्याने बरीचशी वाळू निघाली आणि त्या खूश झाल्या. पण बारीक कण राहिलेच. वायरीच्या टोकावरून ते लॅपटॉपमधल्या तुकड्यावर गेले, तिथून सॉकेटाच्या फटीत. आठवड्याभरात पिन नुसत्या वाऱ्यानेही सुटायला लागली. टेबलावर कप ठेवला तरी टक्. आणि हाताला गरम लागायला लागली. मी बाईंना सांगायचे, त्या म्हणायच्या, उन्हाने तापली असेल.

त्याच सुमारास मला एका मोठ्या कंपनीकडून मुलाखतीचं बोलावणं आलं. कायमची नोकरी, किनारपट्टीचे नकाशे करायचे, आणि घरून काम करायची मुभा. म्हणजे रत्नागिरी सोडायची गरज नाही. मी वाचलेला मेल बाईंनी तीनदा वाचला. मुलाखत ऑनलाइन होती आणि तीत माझ्याच लॅपटॉपवर त्यांच्यासमोर नकाशा करून दाखवायचा होता.

दोन दिवस आधी लॅपटॉपचा टचपॅड वर उचलला गेला. बॅटरी फुगली होती. दुकानदाराने ती पाहताक्षणी काढून टाकली. दुसरी बॅटरी मुंबईहून यायला चार दिवस. तोवर लॅपटॉप थेट चार्जरवर चालेल, पण बॅटरी नसल्यामुळे वायर क्षणभर जरी निसटली तरी सगळं बंद पडेल. तेव्हा हा चुंबकाचा तुकडा काढून साधी पिन घट्ट लावा, असं त्याने सांगितलं आणि चिमटा घेऊन तुकडा काढायला गेला. तो निघेना. काळी वाळू फटीत ठासून बसली होती. जोर केला तर सॉकेटच तुटेल, म्हणाला, आणि नवं सॉकेटही मुंबईहूनच यायचं. त्याच्याकडचे दुसरे लॅपटॉप माझं नकाशाचं सॉफ्टवेअर उघडायलाच वीस मिनिटं घेत होते.

मी दुकानाच्या पायरीवर बसले. गावी परत आल्यापासून पहिल्यांदा मला हे सगळं हातातून जाणार असं वाटलं.

आत दुकानदार चिमटा पुसत होता. मी सांगितलं होतं, असं म्हणायचा त्याला पूर्ण अधिकार होता. बाईच काउंटरपाशी उभ्या राहून म्हणाल्या, “माझं चुकलं. तू बरोबर होतास.” तो स्टुलावरून उठून उभा राहिला, वर्गात उभा राहावा तसा, आणि खाली बघत राहिला.

मग दोघांनी मिळून तासभर खटपट केली. चिकटपट्टी लावून पाहिली, ती तापून सुटली. रबर लावून पाहिलं, तर पिन बाजूला सरकली. शेवटी एवढंच कळलं, की पिन किंचित डावीकडे कलती करून बोटाने दाबून धरली तर वीज अखंड जाते. पण बोट हवं. यंत्र नाही, माणसाचं बोट, कारण हाताला ती सरकतेय हे आधी कळतं.

“मी धरते,” बाई म्हणाल्या.

मुलाखत दुपारी तीनला होती. बाईंनी पाट घेतला आणि टेबलाच्या बाजूला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने भिंतीला टेकून बसल्या. डोळ्यांवर चष्मा, डावा हात टेबलाच्या कडेवर, दोन बोटांत पिन. बोलायचं नाही, शिंकायचं नाही, हे मी दहादा बजावलं होतं. मिनिटभर गप्प न बसणाऱ्या बाईंना मी पाऊण तास गप्प बसायला सांगत होते. त्यांनी नुसती मान हलवली. त्या क्षणी त्यांची नजर पहिल्यांदाच वर नव्हती. पिनेवर होती.

समोर तिघे होते. पहिले दोन प्रश्न नीट गेले. तिसरा प्रश्न खाडीच्या मुखाशी भरतीची रेषा कुठे धरायची याचा होता आणि मी अडखळले, पण सावरले. मग त्यांनी एक छायाचित्र पाठवलं आणि त्यावर किनारा आखायला सांगितला. मी काम सुरू केलं आणि मला आवडायला लागलं. तो आकार ओळखीचा होता, अशी वळणं मी लहानपणापासून बघितली होती. हात भराभर चालायला लागले.

तेवढ्यात खालून मासेवालीची हाक आली. बाई, सौंदाळे आणलेत. बाईंचा आवडता मासा, आणि तो रोज येत नाही. मासेवालीने पुन्हा हाक मारली. मग तिसऱ्यांदा, घरात कुणी हाय की नाय, असं विचारत. समोरच्या एकाने कसला आवाज येतोय असं विचारलं, तर बाजारातला आवाज आहे असं मी सांगितलं. बाई हलल्या नाहीत. मासेवाली निघून गेली.

मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं तेव्हा बाईंनी उजव्या हाताने पदर ओढून डाव्या हाताच्या बोटांभोवती गुंडाळला होता. पिन तापली होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. एकदा स्क्रीन फडफडली, बाईंनी पिन केसभर कलती केली, आणि नकाशा तिथेच होता. माझी रेषा खाडीच्या आत शिरली, वळली, आणि सुरुवातीच्या टोकाला येऊन मिळाली. समोरच्या तिघांपैकी ज्या मॅडम सगळ्यात कमी बोलत होत्या त्या म्हणाल्या, “हे हाताने इतक्या वेगाने करताना मी कुणाला पाहिलं नाही.”

मी आभार मानले, कॉल बंद केला, आणि खुर्चीवरून खाली जमिनीवर आले. बाई अजून पिन धरून होत्या. झालं, म्हटलं, सोडा आता. त्या म्हणाल्या, सुटत नाहीये गो. बोटं आखडली होती. मी पदर उलगडला आणि एकेक बोट सरळ केलं. अंगठ्याच्या शेजारच्या बोटावर फोड आला होता. मी रडायला लागले, तर बाईंनी तो हात मागे घेतला आणि म्हणाल्या, तिसऱ्या प्रश्नाला अडखळलीस. मग म्हणाल्या, सौंदाळे गेले.

आठ दिवसांनी नोकरी मिळाल्याचा मेल आला. बाई तेव्हा अंगणात होत्या. मी माडीवरूनच ओरडून सांगितलं. त्या दोन पायऱ्यांना अडखळून वर आल्या, मेल वाचला, आणि शेजारच्या वहिनींना हाक मारून पुन्हा मोठ्याने वाचला.

महिन्याभरात कंपनीने नवा लॅपटॉप पाठवला. खोकं बाईंनीच उघडलं. लॅपटॉप बाहेर काढून त्यांनी तो उघडलाच नाही, आडवा धरून कडेकडेने बघितला. डाव्या कडेला एक लांबट, उथळ खाच होती. त्यांनी खोक्यातल्या वायरीचं टोक तिच्याजवळ नेलं. टक् झालं. बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी दुकानदाराची बाजू घ्यायची हिंमत केली नसती. पण त्या बघतच राहिल्या. त्या खाचेच्या शेजारी आणखी दोन भोकं होती, साधीच, माझ्या जुन्या लॅपटॉपला होतं तसली. बाईंनी माझा जुना चार्जर आणला, टोकाचा चुंबक काढला आणि साधी पिन त्यातल्या एका भोकात घट्ट बसवली. तिनेही चार्ज व्हायला लागलं.

बाई खाली पाटावर बसल्या. एकदा या कडेला बोट लावलं, एकदा त्या.

“दोन्ही ठेवलंय,” त्या म्हणाल्या. “म्हणजे बनवणाऱ्यांनासुद्धा ठरवता आलेलं नाय.”

आणि त्या इतक्या हसल्या की अंबाड्यातला टेस्टर खाली पडला. मग त्यांनी माझा फोन मागून घेतला, स्टँडच्या मागच्या दुकानात लावला, आणि पलीकडून कोण बोलतंय ते न विचारताच म्हणाल्या, “दुकान बंद कर आणि असाच्या असा इकडे ये.”